दिलेली कालवड परत आणली त्याची हकीकत

सन १९६३. मला चौसष्टावे लागले होते. दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. कापसाची पहिली वेचणी सुरू होणार, आणि अशा दिवसांत मी धारणीला निघालो म्हणून घरात कोणी माझ्याशी धड बोलेना.

थोरला म्हणाला, "बाबा, वेचायले बाया येऊन राहिल्या, अन् तुमी जंगलात काहून चालले?"

"पोरीची शाळा सुटली. म्हणून चाललो."

"कोनती पोरगी? आपल्या घरात तं शाळेतली पोरगी नाही."

मी टोपी घातली. बायकोने सहा भाकरी, मिरचीचा ठेचा आणि गुळाचा खडा फडक्यात बांधून दिला. ठेचा जास्त घातला होता, त्यावरून तिचा राग माझ्यावर कमी आहे हे मला समजले.

पोरगी म्हणजे सोनाय. तिची गोष्ट आधी सांगतो.

मी मराठी दुसरी पास. पुढे बापाने वखरावर उभे केले. वाचता येते, पण बोट ठेवून. तीन वर्षांमागे धारणीकडच्या एका आश्रमशाळेचे गुरुजी आमच्या तालुक्याला, अकोटला, आले होते. शाळेत कोरकूंची मुले राहून शिकतात, एकेका मुलाचा भार एकेका घराने उचलावा, असे त्यांचे म्हणणे. कापसाच्या जिनाच्या (सरकी काढायच्या कारखान्याच्या) आवारात बैठक झाली. गुरुजी कागद घेऊन वकिलाकडे गेले, डॉक्टरकडे गेले, अडत्याकडे गेले. माझ्यापुढून दोनदा गेले, थांबले मात्र नाहीत. माझे धोतर गुडघ्यापर्यंत चिखलाचे होते, हे खरे. पण मला राग आला. मी उभा राहून म्हणालो, "गुरुजी, आमी काय अंगठेबहाद्दर दिसलो काय तुमाले? लिवा माहं नाव."

तोवर कागदावरची सगळी मुले गेली होती. तळाशी एक मुलगी उरली होती. पहिलीतली, सोनाय, बापाचे नाव सानू. मुलीला कोणी घेतले नव्हते. मी म्हणालो, "हेच द्या."

तेव्हापासून दर वर्षी दोन पोती ज्वारी, दोन झंपर-परकर आणि पाट्या-पुस्तके मी पाठवत आलो. पोरगी चौथीपर्यंत आली. आणि दिवाळीनंतर गुरुजींचे कार्ड आले. सोनाय सुट्टीवरून परत आली नाही, बाप पाठवत नाही, महिनाअखेरपर्यंत न आल्यास नाव कमी करावे लागेल. ते कार्ड मी तीनदा वाचले. मी हातात घेतलेले काम आजवर अर्धे सोडलेले नाही. बांध घातला तो पुरा घातला, विहीर खणली ती पाणी लागेपर्यंत.

अकोटहून एस.टी.ने परतवाड्याला गेलो. तिथे धारणीची गाडी उभीच होती, पण भरलेली. कंडक्टर म्हणाला, "बुढेबा, टपावर बसता काय?" मी म्हणालो, "टपावर तुह्या बापाले बसव. मी तिकीट काढून आत बसतो." तो हसला आणि मला जागा केली. वऱ्हाडात असे बोललेले कोणाला लागत नाही.

परतवाडा सुटले की घाट लागतो. आमची काळी जमीन खाली राहते, आणि मग सागच साग. पाने मोठी, वाळून तपकिरी पडलेली. वाऱ्याने ती रस्त्यावर सरकत तेव्हा कोणी चप्पल ओढत चालले आहे असे वाटे. सेमाडोहच्या अलीकडे गाडी गरम होऊन बंद पडली. ड्रायव्हरने सिपना नदीचे पाणी आणायला सगळ्यांना कामाला लावले. माझ्या हातीही एक डबा दिला. वाळूत उतरलो तर उजव्या वहाणेचा अंगठा तुटला. एका बाईने पळसाच्या मुळीच्या सालीची दोरी काढून बांधून दिली. तिला मराठी येत नव्हते. मी हात जोडले, तिनेही जोडले. त्या दोरीवर मी पुढचे सगळे चालणे चाललो.

दिवस बुडताना धारणी आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या ओसरीवर बसलो होतो. चौथीची हजेरी चालली होती. गुरुजी नाव घेत, पोरे "हजर" म्हणत. चौदावा नंबर आला. गुरुजी म्हणाले, "सोनाय सानू." कोणी बोलले नाही. गुरुजी जरा थांबले आणि पुढचे नाव घेतले.

नंतर ते मला म्हणाले, "मी दोनदा जाऊन आलो, पाटील. बाप एकच सांगतो, अकोटवाल्या पटेलांना विचारा. ते म्हणतील तर पाठवतो."

"मले? मी कधी नाही म्हटलं?"

"ते मलाही कळले नाही."

मी तेव्हाच निघालो. सोनायचा ढाणा (पाडा) तिथून चार कोस. वाट ओढ्याओढ्याने जाते. रस्त्यात मोहाची झाडे अशी मोठी की एकाच्या सावलीत आमची बैलजोडी गाडीसकट उभी राहावी. गावाच्या तोंडाशी शेंदूर लावलेला दगड होता. त्याला ते मुठवा (गावदेव) म्हणतात. मी टोपी काढून पाया पडलो. आपल्या मारुतीसारखाच उघड्यावर बसलेला, मला परका वाटला नाही.

वीस-बावीस घरे समोरासमोर दोन रांगांत. मधली वाट शेणाने सारवलेली, आपल्या ओसरीसारखी साफ. मी नाव सांगितले तशी पळापळ झाली. कोणी बाज आणली, कोणी तिच्यावर घोंगडे टाकले. एका म्हातारीने तांब्याने माझे पाय धुतले. बाया दाराआडून पाहून हसत होत्या. माझी छाती फुगली, खोटे कशाला बोलू. वाटले, दोन पोती ज्वारीची माणसांनी ही किंमत ठेवली. आपल्या गावात मला असे कोणी बसवले नव्हते.

सानू आला. पस्तिशीचा असेल. हडकुळा, डोक्याला लाल फडके, हाताला विळ्याचे वण. त्याच्या बायकोने कुटकीचा भात (बारीक भरडधान्याचा) आणि बरबटीच्या (चवळीच्या) शेंगांची पातळ भाजी वाढली. कुटकी तोंडात वाळूसारखी फिरते, पण पोटात गार पडते. मी दोनदा मागून घेतली. जेवण झाले तसा सानू पुढे सरकून म्हणाला, "पटेल, पोराले नाही आनलं?"

"कोन्या पोराले?"

"तुमच्या नातवाले. नवरदेवाले."

मला वाटले ह्याने दुपारचीच घेतली आहे. पण बाजूला पाच-सहा म्हातारे बसले होते, ते सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. त्यांचा मुख्य म्हणजे भूमका (गावदेवाचा पुजारी), डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. त्याने मग सावकाश, हिंदी-वऱ्हाडी मिसळून सगळे सांगितले.

झाले होते ते असे. पोरगी सुट्टीत घरी जाते, तिथे दुधाचा थेंब नाही, असे गुरुजी एकदा बोलता बोलता म्हणाले होते. माझ्या मनात ते राहिले. दसऱ्याला बांबूच्या गाड्या वर जंगलात चालल्या तेव्हा मी एक गाभण कालवड गाडीवानाबरोबर पाठवली. कपाळावर चांद, म्हणून नाव चांदी. गाय कोणाला द्यायची तर आमच्याकडे मोकळी देत नाहीत. बायकोने तिला कुंकू लावले, गळ्यात झेंडूची माळ घातली, आणि पोरीसाठी आठ हिरव्या बांगड्या, तिच्या आईसाठी लुगडे, नारळ, असे टोपलीत घालून दिले. आमच्यात ही रीत आहे. त्यांच्यातही एक रीत आहे. मुलाच्या घरून मुलीच्या बापाच्या दारी गाय येते, बांगड्या येतात, म्हणजे मुलीला मागणी आली. त्यांनी गाडीवानाला विचारले, पटेलाकडे पोरगा आहे काय? तो म्हणाला, बारा वर्षांचा नातू आहे. झाले.

सानू म्हणाला, "आमाले बी नवल वाटलं पटेल. एवढा मोठा कास्तकार कोरकूची पोरगी काहून मागते? चार दिवस हसलो आमी. मंग पंच म्हने, मानूस चांगला असन. दोर हातात घेतला."

"अन् शाळा काहून बंद केली?"

तो माझ्याकडे असा पाहू लागला की जणू मीच खुळा. "तुमची अमानत हाय ते आता. मी दुसऱ्याच्या घरी कशी ठेवू? तिले काटा रुतला तं तुमाले काय तोंड दाखवू?"

म्हणजे ज्या कालवडीने पोरीला दूध मिळायचे होते, तिनेच पोरीला घरी बांधून ठेवले होते. आणि बाप आडमुठा नव्हता. तो माझी वस्तू राखत बसला होता.

मी हसलो. म्हणालो, "बाप्पा, असं काही नाही. कालवड दुधासाठी देल्ली. ठेवा तुमी. पोरीले उद्या शाळेत पाठवा."

भूमक्याने मान हलवली. "असं नाही होत. पोरीच्या नावाने आलेली गाय घरात राहिली अन् लगन नाही झालं, तं सानूनं पोरीचं मोल खाल्लं म्हन्तीन. मंग तिले कोनी नाही मागनार. ज्या हातानं दोर देल्ला, त्याच हातानं परत घ्या लागते. पाच मानसाइसमोर."

"मी कुठी देल्ला दोर? गाडीवानानं देल्ला."

"गाडीवान तं तुहा हात."

तेव्हा माझे डोके फिरले. आमच्या घरात दिलेली वस्तू कोणी परत घेतलेली नाही. दिले ते गेले. दान परत घेणाऱ्याच्या दारचे पाणीही पिऊ नये, असे माझी माय म्हणायची. आणि मी त्या सगळ्या अकोटच्या वाटेने, माझ्या गावातून, दिलेली गाय दोराने ओढत न्यायची? उठून म्हणालो, "ते माह्याच्यानं होनार नाही. तुमची रीत तुमी बदला."

भूमका म्हणाला, "तू बदलतं काय तुही?"

मी वहाणा घालून तडक ओढ्याकडे चालता झालो.

ओढ्याकाठी खडकावर बसलो होतो. पलीकडे करवंदीच्या जाळीमागून आवाज आला. "एक, गणू. हजर. दोन, बाबूलाल. हजर." मी वाकून पाहिले. परकरातली एक दहा वर्षांची काळीसावळी पोरगी सात-आठ शेळ्या आणि माझी चांदी चारत होती. एकेका शेळीकडे काठी करून नाव घ्यायची आणि तिच्या वतीने हजर म्हणायची. शेळ्या संपल्या की पुन्हा पहिल्या शेळीपासून. तेरा झाले. मग काठी खाली टेकून तिने म्हटले, "चौदा, सोनाय सानू." थोडी थांबली आणि आपणच म्हणाली, "गैरहजर."

मी खाकरलो. ती दचकली, पण पळाली नाही. हातात आठ हिरव्या बांगड्या होत्या. मागे शाळेत मला एकदाच पाहिले होते, तरी तिने ओळखले.

"आजोबा, नमस्कार. आपण कधी आलात?"

हे मराठी पुस्तकातले! गुरुजींनी शिकवलेले जसेच्या तसे. माझ्या घरात सात पिढ्या मराठी बोलतात, पण "आपण आलात" असे मला कोणी म्हटलेले नाही. मी म्हणालो, "आत्ताच आलो माय. हे काय करून राहिली?"

"हजेरी घेत आहे. नाहीतर क्रम विसरेन. पुन्हा शाळेत गेले तर कोणाच्या नंतर 'हजर' म्हणायचे ते कळणार नाही."

"शाळेत जावं वाटते?"

ती चांदीच्या अंगावरची गोचीड काढत राहिली. मला वाटते, गावातले बोलणे तिच्या कानी आधीच आले होते. तिथे बातमी माणसाच्या आधी पोचते. मग ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आजोबा, आपण हिला घरी घेऊन जा. हिला येथील चारा आवडत नाही. ही रोज संध्याकाळी खालच्या वाटेकडे तोंड करून उभी राहते. मला हिची फार दया येते."

मी जनावरांत जन्म काढला. चांदीकडे पाहिले. अंग तुकतुकीत, पोट भरलेले, तोंडात हिरवा फेस. एका महिन्यात तिच्यावर असे मांस चढले होते की माझ्या गोठ्यात कधी चढले नव्हते. चारा तिला आवडत होता. पोरगी खोटे बोलत होती, आणि ते माझ्यासाठी बोलत होती, की म्हाताऱ्याला गाय परत न्यायला एक निमित्त मिळावे, त्याची मान खाली जाऊ नये.

दहा वर्षांच्या पोरीने माझा मान सांभाळायचा, आणि मी चौसष्ट वर्षांचा माणूस तिची शाळा धरून बसलो होतो. तीन वर्षे मी ज्वारी पाठवली, कपडे पाठवले, पण तुमच्यात काय दिले म्हणजे काय होते, हे एकदाही विचारले नव्हते. देणाऱ्याने विचारायचे असते हेच मला ठाऊक नव्हते.

मी म्हणालो, "खरंच की वो. वाळून गेली बिचारी. नेतो."

ती हसली नाही. फक्त काठी उचलून म्हणाली, "मग आपण पुढे चला. ती माझ्यामागे येते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली पाच म्हातारे बसले. पानाच्या द्रोणात मोहाची दारू आली. माझ्या गळ्यात माळ, मी पीत नाही. मी द्रोण कपाळाला लावून मुळाशी ओतला. त्यांनी ते चालवून घेतले. भूमका म्हणाला, "आमच्यासाठी तू रीत मोडली, तं आमी बी थोडी मोडतो." सोनायने बांगड्या एकेक करून काढल्या. हात लहान, त्या सहज उतरल्या. शेवटची तिने जरा वेळ धरून ठेवली आणि मग माझ्या उपरण्यात टाकली. लुगडे सानूच्या बायकोने घडी न मोडता परत आणले. ते मी घेतले नाही. भूमक्याला म्हणालो, "लेकीच्या मायले भाऊ म्हणून देतो, यात तं मागणी नाही?" म्हातारे आपसात बोलले आणि म्हणाले, भाऊ देऊ शकतो. तेवढे माझे राहिले.

मग सानूने दोर माझ्या हातात दिला. मला मोठ्याने म्हणावे लागले, "मी देल्ली, मी परत घेतली. पोरगी मोकळी हाय." पहिल्यांदा पुटपुटलो, दुसऱ्यांदा सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो.

तिथून ओढ्यापर्यंत वाट एकच. पुढे दोन फाटे. सानू आणि सोनाय डावीकडे धारणीला, मी उजवीकडे, बांबूच्या गाड्या जिथे लागतात तिकडे. पोरीच्या डोक्यावर पाटी-पुस्तकांचे गाठोडे होते. महिना संपायला अजून तीन दिवस होते. फाट्यावर तिने चांदीच्या कपाळाला हात लावला. मला म्हणाली, "आजोबा, ज्वारी पाठवाल ना?"

"पाठवीन. पर तुह्या बापाले आधी इचारीन."

सानू मोठ्याने हसला. त्याने कुटकीची एक पुरचुंडी माझ्या पिशवीत कोंबली आणि म्हणाला, "भावाले बहीन देते. यात बी काही नाही."

गाड्यांबरोबर दोन मुक्काम करत पोपटखेडकडे उतरलो. उजव्या हाताला नरनाळ्याचा डोंगर दिसू लागला तसा मी हळू चालू लागलो. रानात मी मोकळा होतो. खाली कापसाची पांढरी शेते दिसली, माणसे दिसली, आणि पुन्हा मनात आले, लोक काय म्हणतील. माझी लाज काही तिथे ओढ्याकाठी सगळी उतरली नव्हती. अर्धी माझ्याबरोबर आली होती. गावाजवळ आलो तेव्हा दिवस मावळायचा होता. मी अंधार पडेपर्यंत नाल्यात बसलो आणि मागच्या गल्लीने चांदीला गोठ्यात घातले.

बायको कंदील घेऊन आली. कालवड पाहिली, उपरण्यातल्या बांगड्या पाहिल्या. मी सगळे सांगितले. तिने कंदील खाली ठेवला. मग म्हणाली, "अवो, बांगड्या म्या घातल्या टोपलीत. चूक माही."

"तुही नाही, माही नाही. आपन इचारलं नाही."

"पोरगी गेली नं शाळेत?"

"गेली."

"मंग चोरावानी मांगच्या गल्लीनं काहून आले?"

कुटकीची पुरचुंडी तिच्या हाती देऊन मी निजलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. गावची सगळी ढोरे आखरावर (गावाबाहेर ढोरे जमतात तिथे) जायची वेळ होती. आमची ढोरे गडी नेतो. मी त्याला थांबवले. चांदीच्या गळ्यात पोळ्याची घुंगरमाळ बांधली, टोपी घातली, दोर माझ्या हातात घेतला आणि मागच्या गल्लीने न जाता पुढच्या रस्त्याने, चावडीवरून, पिंपळाच्या पारावरून निघालो. पारावर नेहमीची माणसे बसली होती. एकाने हाक मारली, "काय पाटील, हे तं तुमी जंगलात देल्ली होती नं? दान परत घेतलं काय?"

मी चांदीला थांबवले. पारावर बसलो, तंबाखू काढली आणि म्हणालो, "हो. घेतलं. ऐका, काहून घेतलं ते."